मेघदंडाची सेवापुस्तिका

रायपुरात तेलीबांध्याच्या तलावाभोवती सकाळी फिरायला येणाऱ्या नऊ निवृत्त गृहस्थांपैकी सात जणांचा वाढदिवस एक जुलैला असतो. यात ग्रहताऱ्यांचा काही हात नाही. बाप पोराला शाळेत घालायला घेऊन गेला, हेडमास्तरांनी जन्मतारीख विचारली, बापानं डोकं खाजवलं, आणि मास्तरांनी पोराच्या उंचीकडे एकदा पाहून 'एक जुलै' लिहून टाकलं. सातही जणांची कथा हीच. त्यामुळं दर एक जुलैला तलावाकाठी सातांत मिळून एक केक कापला जातो, आणि ज्या दोघांना स्वतःच्या खऱ्याखुऱ्या तारखा आहेत ते बिचारे बाजूला उभे राहून टाळ्या वाजवतात.

या सातांत एक जुलैचे सगळ्यात कडवे समर्थक म्हणजे रामकृष्ण पिंपळखुटे. अडतीस वर्षं ते एका सरकारी खात्याच्या आस्थापना शाखेत होते, शेवटची बारा वर्षं बडे बाबू, म्हणजे हेडक्लार्क. माणूस नोकरीला लागला की त्याच्या नावानं एक लांबोडकी वही उघडतात. तिला सेवापुस्तिका म्हणतात. त्याची जन्मतारीख, उंची, अंगावरचा तीळ, बदल्या, रजा, शिक्षा, सगळं तिच्यात चढतं, आणि तो निवृत्त झाला की ती मिटतात. रामकृष्णरावांनी अशा दीडेक हजार वह्या सांभाळल्या. माणसांपेक्षा त्यांचा वह्यांवर विश्वास जास्त. घरी पाहुणे आले तरी त्यांच्या तोंडून पहिला प्रश्न यायचा तो 'रुजू कधी झाले?' असा.

त्यांचं दुसरं प्रेम म्हणजे मेघदंड.

मेघदंड हा महानायक. हिंदी कॉमिकमधला. दिवसा तो अमरपुरी नावाच्या शहरातल्या वेधशाळेत केदार या नावानं निरीक्षकाची नोकरी करतो, आणि शहरावर संकट आलं की विजेचा दंड घेऊन आकाशात जातो. १९८४ साली पहिला अंक निघाला तो रामकृष्णरावांनी गोल बाजारात भांडी घ्यायला गेले असताना घेतला (भांडी राहिली), आणि तेव्हापासून एकही अंक चुकवला नाही. घरात कॉमिक आणायची बायकोची, शारदाबाईंची, मनाई. म्हणून सगळे अंक ऑफिसच्या रेकॉर्ड रूममध्ये, कपाट नंबर अकरामध्ये, मंजूर फाइलींच्या मागं राहत. निवृत्तीनंतर ते दोन पेट्यांतून घरी आले. शारदाबाई तीन दिवस बोलल्या नाहीत, आणि चौथ्या दिवशी बोलल्या तेव्हा त्या न बोललेल्याच बऱ्या होत्या असं वाटलं.

तर झालं असं, की एका मॉलमध्ये काचेमागं रामकृष्णरावांना परदेशी महानायकांचा सचित्र संदर्भग्रंथ दिसला. विटेएवढा जाड, गुळगुळीत कागद, पानोपानी चित्रं. प्रत्येक पात्राला एक पान. नाव, जन्म, शक्ती, कमजोरी, शत्रू. ते काचेसमोर वीस मिनिटं उभे राहिले. परक्यांच्या पोरांच्या इतक्या छान सेवापुस्तिका, आणि आपला मेघदंड चाळीस वर्षं सेवा करून राहिला, त्याची साधी नोंद नाही!

"मी मेघदंडाचा सचित्र मार्गदर्शक लिहून राहिलो," त्यांनी घरी येऊन जाहीर केलं.

"लिहा ना," शारदाबाई म्हणाल्या. "नाही तरी भाजी आणाले तुम्हाले वेळ कुठं असते?"

दुसऱ्या दिवशी रामकृष्णरावांनी गोल बाजारातून कोरी, लाल कापडी पाठीची रजिस्टरं आणली. परदेशी ग्रंथातले रकाने त्यांनी घेतले, पण त्यांत त्यांना ढिलेपणा दिसला. म्हणून नियुक्ती, बदली, रजा, विभागीय चौकशी आणि ओळखचिन्ह हे रकाने वाढवले. आणि मग गाडी अडली ती मेघदंडाच्या मरणापाशी.

मेघदंड आजवर तीनदा मेला आहे. कॉमिकमध्ये त्याचं कोणाला काही वाटत नाही, पण सेवापुस्तिकेत 'मृत्यू' लिहिलं की खाली रेघ मारावी लागते. रेघेच्या खाली पुन्हा 'रुजू' कसं लिहायचं? रामकृष्णराव दोन दिवस जेवले नाहीत नीट. तिसऱ्या दिवशी प्रश्न तलावाकाठी गेला.

"मेडिकल लिव्ह टाका," शिशिर बोकडे म्हणाले. हे शेजारच्या फ्लॅटमधले, रेल्वेतून निवृत्त, आणि ज्यांना स्वतःची खरी तारीख आहे त्या दोघांपैकी एक. "आमच्या रेल्वेत एक जण सहा महिने मेल्यासारखा होता. मेडिकलच टाकली त्याची."

"मेल्यासारखा अन् मेला यात फरक आहे, शिशिरभाऊ. हा जळून राख झाला. अंक एक्कावन्न, पान अठ्ठावीस."

"फिटनेस सर्टिफिकेट घ्या मग. राखेतून उठला त्या दिवशीचं. आमच्या रेल्वेत त्याच्याबिगर ड्युटीवर घेतच नाहीत जी."

शेवटी रामकृष्णरावांनी वही उघडली आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं : 'अंक ५१ ते ५४, मृत्यूमुळे अनुपस्थित. अंक ५५ पासून कर्तव्यावर हजर. सदर अनुपस्थिती नियमित करण्यात येते.' पाताळात राक्षसांशी लढत तीन वर्षं घालवली ती 'प्रतिनियुक्ती' झाली. वेधशाळेत नोकरी असताना जग वाचवण्याचा जोडधंदा वरिष्ठांच्या परवानगीशिवाय केला, त्यावर एक 'ताकीद' चढली. आपल्याच लाडक्याला ताकीद देताना त्यांना वाईट वाटलं, पण नियम म्हणजे नियम.

सचित्र म्हटलं म्हणजे चित्रं आली. खालच्या मजल्यावर सुनीतीबाई होत्या, शाळेतून निवृत्त झालेल्या चित्रकलेच्या शिक्षिका. त्यांनी हयातभर हृदयाचा छेद आणि जलचक्र काढलेलं. मेघदंडाचं चित्रही त्यांनी त्याच शिस्तीत काढलं. मधोमध उभा मेघदंड, आणि चारी बाजूंनी बाण : 'मुकुट', 'दंड', 'पोटरी'.

"अन् हे काय?" रामकृष्णरावांनी विचारलं. "ह्याले फुलपँट काहून घातली? तो पँटीच्या वरून चड्डी घालते."

"मी नाही काढणार तसं," सुनीतीबाई म्हणाल्या. "बत्तीस वर्षं शाळेत काढली मी, पिंपळखुटेजी. एका आकृतीले नाव ठेवलं नाही कोणी."

चड्डी गेली. मग फोटोचा प्रश्न आला. सेवापुस्तिकेला पासपोर्ट आकाराचा फोटो लागतो, आणि फोटोत दोन्ही कान दिसावे लागतात. मेघदंड मुखवटा घालतो. मुखवटा काढला तर तो केदार आहे हे गुपित फुटतं, आणि त्यासाठी तर चाळीस वर्षं खटाटोप! दोघांनी आठवडाभर वाद घालून मुखवट्याला बाहेरून कान काढले. ते वांग्याच्या फोडींसारखे दिसत होते, पण दोन होते.

आता मुख्य नोंद. जन्मतारीख.

इथं दोन पुरावे होते. अंक ११२ मध्ये केदारचा शाळेचा दाखला एका चौकटीत छापलाय. भिंग लावलं तर तारीख दिसते : एक जुलै १९६२. रामकृष्णरावांना भरून आलं. मेघदंडसुद्धा एक जुलैचा! आणि अंक ३७ मध्ये त्याची आई सांगते, की पोरगा ज्या साली अमरपुरीचा पूल झाला त्या साली नागपंचमीला झाला. पुलाची पाटी अंक २०४ मध्ये आहे, १९६५. अंक ३७ रामकृष्णरावांच्या पेटीत नव्हता, हा एकच अंक हरवलेला. पण आईचं बोलणं त्यांना आठवत होतं. आठवत होतं म्हणून तर त्यांनी प्रामाणिकपणे तळटीप दिली : 'आईचे कथन तोंडी असल्याने ग्राह्य नाही.' हे वाक्य लिहिताना त्यांना जरासुद्धा थांबावं लागलं नाही. नोकरीत त्यांनी ते शंभर वेळा तरी लिहिलं होतं.

मग बेरीज आपोआप झाली. केदार सरकारी नोकर. छत्तीसगडात निवृत्तीचं वय बासष्ट. अमरपुरी कोणत्या राज्यात आहे हे चाळीस वर्षांत कोणी सांगितलेलं नाही, तेव्हा मार्गदर्शक लिहिणारा ज्या राज्यातला त्या राज्याचा नियम लागेल, असं रामकृष्णरावांनी स्वतःच ठरवलं. म्हणून शेवटच्या पानावर लिहिलं : 'दिनांक ३० जून २०२४ रोजी नियत वयोमानानुसार सेवानिवृत्त.' खाली सही. सहीखाली, सवयीनं, फोन नंबर.

रजिस्टरं त्यांनी पोचपावतीच्या रजिस्टर पोस्टानं प्रकाशकांकडे पाठवली. पंधरा दिवसांनी फोन आला. अभिनव नावाचा तरुण, संस्थापकांचा नातू, सध्याचा मालक.

"अंकल, आपने तो कमाल कर दिया," तो म्हणाला. "हम ऑफिशियल गाइड छापेंगे. बस, चड्डी कहाँ गई उसकी?"

रामकृष्णरावांनी शारदाबाईंना पेढे आणायला सांगितलं. पेढे आले, शिशिरभाऊंनी तीन खाल्ले, आणि चार दिवस रामकृष्णराव तलावाला उलट दिशेनं फेऱ्या मारत होते, म्हणजे समोरून येणाऱ्या प्रत्येकाला भेटता यावं. पाचव्या दिवशी अभिनवचा दुसरा फोन आला.

"अंकल, एक और बात. बिक्री ऐसी है कि सीरीज़ बंद ही करनी थी. बस समझ नहीं आता था, कैसे करें. तीन बार मार चुके हैं, चौथी बार कोई मानता नहीं. आपने रास्ता दे दिया. अंक चारसौ, सेवानिवृत्ति विशेषांक! आपका पन्ना हूबहू छापेंगे, साइन के साथ. अनाउंस भी कर दिया."

मेघदंडाच्या बाबतीत तीन राक्षस, एक उल्का आणि स्वतःचा जुळा भाऊ यांच्यापैकी कोणाला जे जमलं नाही, ते रायपूरच्या एका निवृत्त बड्या बाबूनं एका ओळीत केलं होतं. आणि तो त्यांना पोटच्या पोरासारखा होता हो!

त्या संध्याकाळपासून फोन सुरू झाले. जाहिरातीत छापलेल्या पानावर त्यांचा नंबर होता ना. पाटण्याहून एकानं विचारलं, तुमचं हृदय दगडाचं आहे का? बिकानेरच्या एका डॉक्टरीणबाईंनी रडत रडत सांगितलं, की मेघदंड नसता तर त्या दहावीतच नापास झाल्या असत्या. एकानं नुसतीच शिवी दिली आणि फोन ठेवला. मग पुन्हा फोन करून आडनाव नीट उच्चारायला शिकून घेतलं आणि आडनावासकट शिवी दिली.

सगळ्यात जास्त लागलं ते शिशिरभाऊंचं. ते दोन दिवस फिरायलाच आले नाहीत, आणि आले ते डोळे चुकवत.

"तुम्ही बी वाचता काय जी?" रामकृष्णरावांनी चाचरत विचारलं.

"आमच्या रेल्वेत," शिशिरभाऊ गंभीरपणे म्हणाले, "रिटायरमेंटच्या आधी माणसाले एकदा विचारतात तरी."

घरी शारदाबाईंनी मात्र मुद्द्याचं विचारलं. "तुम्हीच लिहिलं ना ते? मग तुम्हीच खोडा. त्यात रडाले काय झालं?"

खोडायला सरकारी कागद म्हणजे पाटी आहे का? तरी त्यांनी अभिनवला फोन केला. अभिनव म्हणाला, काहीच हरकत नाही, फोनमुळं त्यालाही वाटायला लागलंय की बंद करू नये. पण 'प्रमाणित' म्हणून छापून बसलोय. आता उगाच फिरवलं तर वाचक म्हणतील, जाहिरातीसाठी नाटक केलं. पुरावा द्या. मूळ अंकाचं पान आणि शपथपत्र. छपाईला दहा दिवस आहेत. आणि अंक ३७ ची प्रत आमच्याकडे नाही, गोदामात पाणी शिरलं तेव्हा गेली.

मेघदंड वाचवायचा तर अंक ३७ पाहिजे. रामकृष्णरावांनी पेटीच्या तळाची सूची काढली. ही सूची त्यांच्या हातची नव्हती. कपाट नंबर अकरा लावून दिलं होतं ते शांताबाई बावणे यांनी. त्या रेकॉर्ड रूमच्या दफ्तरी, म्हणजे फाइली बांधून ठेवणाऱ्या, होत्या. कोणतीही फाइल मागा, चार मिनिटांत टेबलावर. सूचीत सदतीसपुढं त्यांच्या टपोऱ्या अक्षरात एकच शब्द होता : 'बाहेर'.

शांताबाई २०१३ साली निवृत्त झाल्या होत्या. त्या कशा निवृत्त झाल्या ते रामकृष्णरावांना, सूची हातात धरल्याधरल्या, एकदम आठवलं. त्यांनी सूची खाली ठेवली. मग शारदाबाईंना म्हणाले, "पुरानी बस्तीत जाऊन येतो," आणि न सांगता भाजीची पिशवीपण घेतली.

शांताबाईंचं घर देवळामागच्या गल्लीत. त्या ओट्यावर बसून लसूण सोलत होत्या. त्र्याहत्तरीच्या आसपास, चष्मा दोरीनं बांधलेला. ओट्यावर जागा होती, आत खुर्ची दिसत होती. त्या 'बसा' म्हणाल्या नाहीत. रामकृष्णराव उभेच राहिले.

"या बडे बाबू. कसे काय इकडं?"

"शांताबाई, तो... मेघदंडाचा सदतीस नंबरचा अंक. तुमच्याजवळ आहे काय?"

"आहे ना."

"मले पाह्यजे होता."

"अर्ज आणला का?"

"अर्ज कायचा?"

"रेकॉर्ड बाहेर काढाचा म्हणजे अर्ज लागते. तुम्हीच तं नियम केला होता. मले मेमो देला होता तुम्ही, बिगर अर्जानं फाइल देल्ली म्हणून."

रामकृष्णरावांनी खिशातून कागद काढला आणि उभ्यानंच, भाजीच्या पिशवीवर टेकवून अर्ज लिहिला. शांताबाईंनी हात पदराला पुसले, चष्मा चढवला, अर्ज दोनदा वाचला.

"प्रयोजन नाही लिहिलं."

त्यांनी प्रयोजन लिहिलं : जन्मतारीख दुरुस्ती. शांताबाईंनी ते शब्द वाचले, मग त्यांच्याकडे पाहिलं. लसणाची पाकळी हातातच राहिली.

"उद्या या," त्या म्हणाल्या.

अडतीस वर्षं हे दोन शब्द रामकृष्णरावांच्या बाजूनं जात असत. समोरून येताना ते कसे लागतात याची त्यांना कल्पना नव्हती. मुकाट्यानं परत गेले. शारदाबाईंनी रिकामी पिशवी खिळ्याला अडकवली.

दुसऱ्या दिवशी शांताबाई आत गेल्या आणि चार मिनिटांत बाहेर आल्या. अंक जुन्या पोथीच्या कपड्यात गुंडाळलेला होता. त्यांनी तो लगेच दिला नाही.

"पान चौदा. वाचा. मोठ्यानं वाचा."

गल्लीत एक बाई पाणी भरत होती, समोरच्या ओटीवर दोन म्हातारे बसले होते. रामकृष्णरावांनी घसा साफ केला. चित्रात अमरपुरीच्या मोठ्या अधिकाऱ्यासमोर मेघदंडाची आई उभी होती, डोक्यावर पदर, हात रिकामे.

"'साहब, काग़ज़ मेरे पास नहीं है,'" ते वाचू लागले. "'जिस साल पुल बना, उस साल की नागपंचमी थी. मैंने जना है इसे. मुझसे बड़ा गवाह आप कहाँ से लाओगे?'"

"अजून एकदा."

त्यांनी अजून एकदा वाचलं.

"माही माय बी आली होती," शांताबाई म्हणाल्या. "ज्या साली तलावाचं पाणी आमच्या पाऱ्यात, मोहल्ल्यात, शिरलं, त्या साली पोळ्याच्या दिवशी झाली म्हणे माही शांता. नव्वद वर्षांची बाई, पायी आली होती. तुमच्या टेबलासमोर उभी होती. खुर्ची नाही देल्ली तुम्ही तिले."

रामकृष्णरावांना ते टेबल दिसलं, ती म्हातारी दिसली, आणि स्वतःचं अक्षरही. 'आईचे कथन तोंडी असल्याने ग्राह्य नाही. अमान्य.' दोन वर्षं तीन महिने आधी शांताबाईंची वही त्यांनी मिटली होती. त्यांना लाज वाटली. साधीसरळ लाज, पोरासोरांना वाटते तशी, कानापर्यंत.

"त्या आठवड्यात कपाटात हा अंक सापडला मले," शांताबाई म्हणाल्या. "वाचला. म्हटलं, ह्या बाईचं ऐकलं ना त्या साहेबानं. म्हणून घेऊन आली घरी. चोरी म्हणा लागते तं म्हणा."

"शांताबाई, तुमची ती फाइल... ती आता उघडता येत नाही. बंद झाली ती."

"हव, माहीत आहे मले. मीच तं बांधली होती दोरीनं."

त्यांनी अंक पुढं केला. "घेऊन जा. त्याची माय खरी बोलते. वाचवा त्याले."

शपथपत्राचं आणखी एक रामायण झालं. नोटरीनं विचारलं, अर्जदार कोण? केदार. हजर आहे का? नाही. जिवंत आहे का? तीनदा मेला होता, सध्या आहे. मग तुम्ही त्याचे कोण? या रकान्यात काहीतरी लिहिणं भाग होतं. पिता लिहिता येईना, मित्र म्हटलं तर पुरावा मागतील. रामकृष्णरावांनी शेवटी लिहिलं, 'वाचक, सन १९८४ पासून.' नोटरीनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि शिक्का मारला. शपथपत्रात मुख्य वाक्य होतं : 'आईचे कथन ग्राह्य धरण्यात येते.' अमान्य लिहायला त्यांना कधी वेळ लागला नव्हता. हे वाक्य लिहायला मात्र तीन कागद गेले.

मेघदंडाला तीन वर्षं मिळाली. अंक चारशे 'सेवावृद्धि विशेषांक' म्हणून निघाला आणि बरा खपला. शिशिरभाऊ फिरायला येऊ लागले, आणि तीन वर्षांनंतर मुदतवाढ कशी मागायची याबद्दल त्यांच्या रेल्वेत काय पद्धत होती तेही सांगू लागले. एक जुलैच्या केकवर यंदा पहिल्यांदाच सातांनी खऱ्या तारखांच्या त्या दोघांनाही सुरीला हात लावू दिला. दिवाळीत सचित्र मार्गदर्शक छापून आला. चड्डी नव्हती, कान होते. शेवटच्या पानावर शुद्धिपत्र होतं, सात चुकांचं. पहिली चूक जन्मतारखेची. सातवी अशी : 'श्रीमती शांता बावणे, दफ्तरी. जन्मतारीख एक जुलै याऐवजी पोळ्याचा दिवस असे वाचावे. सदर चूक लेखकाची आहे.'

अभिनवनं ती छपाईत तशीच जाऊ दिली होती, न वाचता. वाचकांनी मात्र वाचली. जानेवारीत त्याचा फोन आला.

"अंकल, ये शांता बावणे किस अंक में आई थीं? पूरे इंटरनेट पर झगड़ा चल रहा है. कोई कहता है पाताल वाली रानी है, कोई कहता है मेघदंड की गुरु. दूसरे संस्करण में इनका पूरा पन्ना चाहिए. चित्र के साथ."

रामकृष्णराव सुनीतीबाईंना घेऊन पुरानी बस्तीत गेले. शांताबाईंना सगळं समजावून सांगितलं. त्या आत जाऊन लुगडं बदलून आल्या. सुनीतीबाईंनी ओट्यावर बसून चित्र काढलं, दोन्ही कान दिसतील असं. रामकृष्णराव रजिस्टर धरून उभे होते, आणि एकेक रकाना विचारत होते.

"जन्म?"

"पोळा. पाऱ्यात पाणी शिरलं ते साल."

"आधार?"

"मायचं बोलणं."

त्यांनी लिहिलं, आणि पुढं 'ग्राह्य' लिहिलं.

"शक्ती?"

"ते तुम्हाले माहीत आहे."

'कोणतीही फाइल चार मिनिटांत,' त्यांनी लिहिलं. "कमजोरी?"

"गुडघे."

"शत्रू?"

शांताबाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा चढवला.

"लिहा ना आता," शांताबाई म्हणाल्या. "नाव तं तुम्हाले पाठ आहे."

रामकृष्णरावांनी पेनचं टोपण काढलं. पूर्ण नाव लिहिलं, रामकृष्ण गोविंद पिंपळखुटे. पुढं पदनाम, बडे बाबू, आस्थापना शाखा. खाली सही केली, तारीख टाकली, आणि रजिस्टर त्यांच्या हातात दिलं.

शांताबाईंनी ते पान वरपासून खालपर्यंत सावकाश वाचलं. नाव, तारीख, सही, सगळं तपासलं. मग घरात वळून सुनेला हाक मारली.

"अगं, ती खुर्ची आण बाहेर. बडे बाबू केव्हाचे उभे आहेत."